देवळामागची अडगळ व आपल्या परसातील फुलबाग

दरवर्षी संवत्सर पाडव्याच्या आधी देवालयाच्या मागील आवाराची सफाई करण्याचे काम आमच्याकडे असते. पिंपळाचा पार, विहिरीकडील कोपरा व जुन्या अग्रशाळेची पाठभिंत एवढाच तो प्रदेश; परंतु तेथे वर्षभरात काय काय येऊन साठते याची कल्पना, दर्शन घेऊन पुढच्या दारानेच परतणाऱ्या मंडळींस क्वचितच असेल. या खेपेस तेथून निघालेल्या वस्तूंची यादी आम्ही मुद्दाम लिहून ठेवली. तडे गेलेली मडकी व कुंड्या अकरा, देवादिकांच्या काच फुटलेल्या तसबिरी सतरा, तांब्याची एक घागर व बुड गेलेले एक घंगाळ, दगडी जात्याची एक तळी, एक उखळ, शिंपल्यांची तावदाने असलेले खिडकीचे एक जुने दार, रंगाचे रिकामे डबे, मोटारीचे दोन टायर, आणि निर्माल्याने भरून गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या किती, ते मोजावयाचे आम्ही सोडून दिले.

या वस्तू कोणी अनादराने आणून टाकतो असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. उलट आदरामुळेच त्या येथे येतात. जुने घर पाडून त्या जागी इमारत उभी राहते, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर जाते, आणि आजीच्या हातची घागर कचऱ्याच्या गाडीत टाकण्यास हात धजत नाही. मग ती देवाच्या पाठीशी नेऊन ठेवली की मनाचे ओझे उतरते. परंतु देवाच्या पाठीशी ठेवलेली वस्तू देवाची होत नाही. ती पावसात गंजते, तिच्यात पाणी साचते, आणि शेवटी कोणीतरी तिला उचलून कचऱ्याच्याच गाडीत टाकतो. तो 'कोणीतरी' बहुधा आम्ही असतो, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस.

दुसरी गोष्ट याहून खेदाची. ज्या घरातून ही भांडी येतात, त्याच घरातून सणाच्या दिवशी फुलांसाठी बाजारात माणूस धाडावा लागतो. झेंडू व शेवंती घाटावरून येतात, आणि हार बहुधा आदल्या दिवशीचे असतात. आमच्या लहानपणी पहाटे अर्ध्या वाड्यातून परड्या येत; तगर, जास्वंद (आपली दासवण), अबोली, आणि फाल्गुनात सुरंगीचे वळेसर. आता वाराच्या पूजेसही घरचे फूल अभावानेच मिळते. वस्तू आहे, फूल नाही. आणि वस्तूत फूल लावता येते ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत. तिचा येथे थोडा तपशिलाने विचार करू.

सफाईच्या दिवशी आमच्या तीर्थरूपांनी त्या सर्व वस्तूंचे तीन ढीग करावयास सांगितले. घराच्या वस्तू एकीकडे, देवाच्या वस्तू दुसरीकडे, आणि ज्या कोणाच्याच उपयोगाच्या नव्हेत त्या तिसरीकडे. बाग सजविण्यास निघालेल्या प्रत्येकाने प्रथम हेच करावे असे आमचे मत झाले आहे. कारण जुन्या वस्तूंनी बाग शोभिवंत करण्याची आवड अलीकडे वाढली आहे, परंतु कोणती वस्तू कोठे शोभते याचा विवेक त्या प्रमाणात वाढलेला दिसत नाही.

घराच्या वस्तूंत पहिला मान मातीच्या भांड्यांचा. डिचोलीच्या कुंभारांची मडकी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. मडक्यास तडा गेला की ते पाण्याच्या कामातून जाते, पण रोपाच्या कामास तेव्हाच खरे येते. माती सच्छिद्र असल्याने तिच्यातून हवा खेळते, वैशाखाच्या उन्हात मुळे भाजत नाहीत, आणि जास्तीचे पाणी बाजूने निघून जाते. भोक पाडताना मात्र पुष्कळांची मडकी फुटतात. त्यावर उपाय असा की मडके रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी ओल्या वाळूच्या ढिगावर पालथे घालावे, आणि टोकदार खिळ्याने हलक्या हाताने, एकाच जागी शेकडो बारीक ठोके द्यावेत. एक जोराचा ठोका दिला की खापरे होतात. तशी झाली तरी वाईट वाटून घेऊ नये; भोकावर ठेवावयास खापरीचा तुकडा लागतोच. तो बाकदार भाग वर करून ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही व पाणी अडत नाही.

आपल्या प्रांतात वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा येथे कुंडीतील झाड पाण्यावाचून मरते त्यापेक्षा पाण्याने अधिक मरते. कुंडी कधीही जमिनीवर सपाट टेकवू नये. कौलाचे दोन तुकडे खाली देऊन उचलून ठेवावी. हे कौलही अडगळीतलेच. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला व तेथून ही लाल कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. घरे सिमेंटची झाल्यापासून ती परसात रास करून पडलेली असतात. अर्धे जमिनीत पुरून ती एकाशेजारी एक उभी केली म्हणजे वाफ्याचा असा काठ तयार होतो की त्यास बाजारातील कोणत्याही वस्तूची सर येत नाही, आणि पावसात माती धुपून जात नाही हा लाभ वेगळाच.

मातीविषयी दोन शब्द. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या 'बृहत्संहिते'त 'वृक्षायुर्वेद' नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मऊ भूमी सर्व झाडांस हितकर असल्याचे सांगून, प्रथम तीळ पेरावेत व ते फुलावर आले की तेथेच मोडून मातीत मिसळावेत, असा उपाय दिला आहे. आज शेतकी शाळेत हिरवळीचे खत म्हणून जे शिकवितात ते हेच होय. आपली तांबडी जांभ्याची माती निचऱ्यास चांगली परंतु कसास हलकी, आणि आंबट. तिचा एक भाग, चांगल्या कुजलेल्या शेणखताचा एक भाग, आणि वाळू व नारळाच्या सोडणांचा भुसा मिळून एक भाग, असे मिश्रण आम्ही करतो. एका घागरीच्या मिश्रणास मूठभर लाकडाची राख पुरते. सोडणे नुसतीही उपयोगी पडतात. चार-पाच दिवस पाण्यात भिजवून, ते तपकिरी पाणी ओतून द्यावे आणि मग तंतूंची बाजू वर करून ती कुंडीच्या तळाशी बसवावीत. उन्हाळ्यात ती ओल धरून ठेवतात.

तांब्या-पितळेच्या भांड्यांची गोष्ट निराळी. त्यांत माती भरून झाड लावलेले आम्ही पुष्कळ घरी पाहतो. दिसते सुरेख, पण आंबट ओल्या मातीने तांबे झिजते, त्याचा अंश मुळांस बाधतो, आणि उन्हात भांडे तापले म्हणजे आतील माती कढते. भांडे व झाड दोन्ही जातात. म्हणून धातूचे भांडे हे नुसते वरचे आवरण समजावे. आत विटेच्या तुकड्यावर मातीची लहान कुंडी ठेवावी, व मधल्या फटीत काथ्या दाबावा. पावसाळ्यात मात्र आतील कुंडी बाहेर काढून घागर पालथी करून ठेवावी. का, ते पुढे येईलच.

जाते, पाटा-वरवंटा व उखळ यांस आम्ही घरातील वडीलधारी माणसे समजतो. लग्नमुंजीत मुहूर्ताच्या वेळी यांचे पूजन होते. कोणी जात्याच्या तळ्या वाटेवर पायऱ्यांसारख्या बसवितात. ते आमच्या मनास रुचत नाही. ज्यावर पिढ्यांनी दळले त्यावर पाय ठेवून चालावयाचे, हे बरे नव्हे. जात्याची तळी तुळशीच्या कुंडीखाली बैठक म्हणून ठेवून पाहावी. तिचे वजन कुंडीस वाऱ्यात हलू देत नाही, मधल्या भोकातून पाणी निघून जाते, आणि घरातल्या वृद्ध स्त्रिया तुळशीस पाणी घालावयास आल्या म्हणजे तिच्याकडे पाहून दोन शब्द बोलतात. देवळामागे सापडलेली तळी आमच्या मातोश्रींनी अशीच आमच्या अंगणात घेतली आहे. ती कोणाची आहे हे ओळखू आल्यास अवश्य न्यावी. तुळस आम्ही दुसरीकडे हलवू.

फुटक्या बशा, कप व काचेच्या बांगड्या यांचे काय करावे, असे आम्हांस वरचेवर विचारतात. येथे एका थोर माणसाची हकीकत सांगण्यासारखी आहे. नेकचंद सैनी यांचे मूळ गाव फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. पुढे ते चंदीगड शहराच्या उभारणीत सरकारी रस्ते-निरीक्षक म्हणून काम करू लागले. नव्या शहरासाठी तेथील कित्येक खेडी उठविण्यात आली, आणि त्या पाडलेल्या घरांचे अवशेष, म्हणजे फुटकी भांडी, कौले, बांगड्या, विजेच्या दिव्यांचे तुकडे, ठिकठिकाणी पडून होते. १९५७ च्या सुमारास नेकचंदांनी ते सायकलीवर घालून एका रानातल्या ओढ्याकाठी नेण्यास आरंभ केला. दिवसा नोकरी व रात्री हे काम. त्या रानात बांधकामास मनाई होती, म्हणून सारे गुपचूप. १९७५ मध्ये अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ते पडले तेव्हा तेथे दगडांचे व खापऱ्यांचे एक संपूर्ण राज्य उभे होते. ते मोडून टाकावे असे म्हणणारेही होते. परंतु लोकांनी ते वाचविले, आणि १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' या नावाने ते सर्वांस खुले झाले. नेकचंदांस १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते निवर्तले. ज्याचे स्वतःचे गाव सुटले त्याने दुसऱ्यांच्या मोडलेल्या घरांची खापरे वेचावीत, यात आम्हांस फार मोठा अर्थ दिसतो.

आपणांस एवढे मोठे काम करावयाचे नाही. कुंडीचा एक काठ वा तुळशीच्या कट्ट्याची एक बाजू पुरे. एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली वाळू कालवून बोटभर जाडीचा थर द्यावा व तो ओला असतानाच तुकडे दाबून बसवावेत. धारदार कडा आत गेल्या पाहिजेत. लहान मुले हात फिरवितात. थर जरा आवळला की ओल्या फडक्याने पुसून घ्यावा व पुढे आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. यावर पाणी मारण्याचे काम मुलांस दिले तर ती ते विसरत नाहीत. रंगसंगतीचा फार विचार करू नये. चवथीला आपण माटोळी बांधतो तेव्हा रानातील फळे, कंद, घोस जे मिळेल ते बांधतो, आणि तरीही ती कधी विजोड दिसत नाही, तसेच हे.

आता दुसरा ढीग, देवाच्या वस्तूंचा. येथे शोभेचा विचार संपतो. भंगलेली मूर्ती झाडाखाली सजावटीसाठी ठेवणे, फुटक्या गणपतीवर कारंज्याचे पाणी सोडणे, देवघरातील जुनी घंटा वाऱ्यावर वाजावी म्हणून फांदीस टांगणे, या गोष्टी आम्ही मोठमोठ्या उपाहारगृहांच्या बागांत पाहिल्या आहेत. आपल्या सभासदांच्या घरी त्या दिसू नयेत, एवढीच विनंती. आमच्या तीर्थरूपांचा प्रघात असा आहे: मातीची मूर्ती घरीच स्वच्छ बादलीत विरघळवावी आणि ती माती, जेथे पाय पडत नाहीत अशा झाडाच्या बुंध्याशी घालावी. तसबिरीची काच व चौकट वेगळी करावी. ती घराची वस्तू, ती खुशाल वापरावी. आतील कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा झाला म्हणजे त्यासही तीच जागा. धातूची मूर्ती झिजली वा भंगली असल्यास ती घेऊन पुजाऱ्यास भेटावे; ती पारावर ठेवून निघून जाऊ नये. ज्या कुळांचा प्रघात निराळा असेल त्यांनी तो पाळावा.

याच संदर्भात आमची स्वतःची एक चूक सांगावयास हवी. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही काही मित्रांसह साष्टीतील एका गावी गेलो होतो. आपली पुष्कळ दैवते मूळची या बाजूची नव्हेत, हे आपण जाणताच. पोर्तुगीज अमलात देवळे मोडली गेली तेव्हा, १५६० च्या दशकात, श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास व श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, अशी दैवते नदी ओलांडून त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या फोंडा महालात आली. देव आले, पण देवळांचे दगड मागे राहिले. त्या गावच्या तळ्याकाठी, उन्हाळ्याने पाणी आटलेल्या चिखलात, आम्हांस एक कोरीव दगड दिसला. त्यावर कमळाची अर्धी पाकळी व एका माणसाची आकृती होती. आमच्या मनात आले की तुळशीच्या कट्ट्यासमोर हा किती शोभेल! दोघांनी मिळून तो गाडीत घातला व घरी आणला.

तीर्थरूपांनी तो पाहिला व काही न बोलता त्यावर पाणी ओतून चिखल धुतला. मग ते म्हणाले, "हा तुझ्या घरातला आहे काय?" आम्ही निरुत्तर झालो. ते म्हणाले, "मग ज्यांचा आहे त्यांस विचारून आणलास काय?" दुसऱ्या दिवशी तो दगड परत त्या गावी गेला. तेथील एका जाणत्या गृहस्थांनी तो वीरगळाचा तुकडा असावा असे सांगितले व तो पाहणीसाठी पुरातत्त्व खात्याकडे देण्याची व्यवस्था केली. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक. कदंबांच्या काळातील असे दगड जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या संग्रही आहेत. प्राचीन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने शिल्प ही पुरावस्तू ठरते, हे आम्हांस त्या दिवशी कळले. कायदा नसता तरी तीर्थरूपांचा प्रश्न उरलाच असता. तळ्याकाठचा, शेताच्या बांधावरचा, ओसाड देवळीतला दगड हा सापडला म्हणून आपला होत नाही. तो हलविला की तो कोठला, कोणाचा, हे सांगणारी जागाच नाहीशी होते. नदीतील गोटे, शेतातील साधा चिरा यांची गोष्ट वेगळी. परंतु ज्यावर छिन्नीची एक रेघ जरी दिसली, तरी तो तेथेच ठेवावा व गावात सांगावे.

तिसऱ्या ढिगाबद्दल लांबण लावीत नाही. मोटारीच्या बॅटरीची पेटी कदापि वापरू नये. तीत शिसे असते. जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण पुष्कळ असे. घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत नव्वद भागांपर्यंतच असावे असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला व तो पुढील वर्षी अमलात आला. तेव्हा रंगाच्या जुन्या डब्यांत, व जुना रंग पापुद्र्यांनी सुटत असलेल्या खिडक्यांच्या खाली, कोथिंबीर वा अळू लावू नये. छपराचे जुने सिमेंट पत्रे फोडून त्यांचे वाफे करू नयेत; त्यांतील अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसास घातक असते. टायर पाहिजे तर झोपाळ्यास वापरावा, पण त्याच्या पोकळीत साचलेले पाणी काढता काढता माणूस थकून जातो.

आणि हे साचलेले पाणी हाच या सर्व प्रकरणातील आमच्या मनास लागलेला भाग आहे. मागील पावसाळ्यात आम्ही देवळामागून आणलेल्या एका घंगाळास आतून सिमेंट लावून, त्यात पाणी भरून, वर जास्वंदीची फुले तरंगत ठेविली. येणारी-जाणारी माणसे थांबून पाहत असत, आणि आम्हांस त्याचा अभिमान वाटे. एके दिवशी आरोग्य खात्याची एक कार्यकर्ती घरोघर पाहणी करीत आली. तिने वाकून पाण्यात पाहिले, बोलावून आम्हांसही दाखविले. फुलांच्या खाली बारीक अळ्या उलटसुलट वळत होत्या. तिने घंगाळ पायाने तेथेच कलंडले. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, हे तिने सांगितले. नुसते पाणी ओतून भागत नाही, भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटलेली अंडी कोरडीही कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून आतून घासावे लागते, हेही सांगितले.

त्याच पंधरवड्यात शेजारच्या घरातील आठ वर्षांच्या मुलीस डेंग्यूचा ताप आला. तिला नऊ दिवस इस्पितळात ठेवावे लागले. ती बरी झाली व आता पूर्वीप्रमाणे शाळेत जाते. डास आमच्या घंगाळातला होता असे कोणी म्हणाले नाही. आम्हीही तो विषय काढला नाही. परंतु ती आरतीला येऊन उभी राहिली म्हणजे आमचे लक्ष आरतीत राहत नाही.

तेव्हापासूनचा आमच्या घरचा नियम असा. दर शनिवारी परसातील प्रत्येक भांडे, ताटली, करवंटी, कुंडीखालची थाळी ओतून, काथ्याने घासून पालथी करावयाची. उखळीत पाखरांसाठी पाणी ठेवतो ते रोज बदलतो. तरंगत्या फुलांची हौस सणापुरती, व त्याच रात्री पाणी झाडांस. जे भांडे घासता येत नाही ते बागेत ठेवावयाचेच नाही, मग ते कितीही सुंदर असो. देवळामागचा ढीग आम्हांस आता भीतिदायक वाटतो तो याचसाठी. पावसाळ्यात त्यातील प्रत्येक मडक्यात पाणी असते, आणि समोर मुले खेळत असतात.

आता कोणती झाडे लावावीत ते सांगतो. आपल्याकडे अबोलीइतके सोपे व दीर्घकाळ फुलणारे झाड नाही. तिला सकाळचे ऊन व दुपारची सावली मानवते. तिचे वाळलेले तुरे पहिल्या पावसात भिजले की आपोआप तडकून बी दूरवर उडते. तेव्हा जुन्या झाडाच्या आसपास आषाढात शोधल्यास रोपे फुकट मिळतात. तगर व जास्वंद फांदीवरून लागतात; पेन्सिलीएवढी जाड फांदी, खालचे डोळे मातीत, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढलेली. तुळशीच्या मंजिऱ्या बी धरण्यापूर्वी खुडीत राहिल्यास झाड दाट होते व अधिक जगते. पावसाळ्यात तिला वेगळे पाणी घालण्याची गरज नसते, तरी प्रथेप्रमाणे पळीभर घालावे.

शेवंतीविषयी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. तिला कळ्या येतात त्या दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली म्हणजे. रात्रभर तिच्यावर विजेचा उजेड पडत राहिला तर रात्र झाली हे तिला कळतच नाही व ती नुसती पाने वाढविते. अलीकडे बागेत रात्रभर दिव्यांच्या माळा लावण्याची पद्धत पडली आहे. मग कार्तिकातही फूल नाही म्हणून खताला दोष देतात! कुंडी उचलून दिव्याआड ठेवावी, एवढेच करावयाचे.

जे सदनिकेत राहतात त्यांनी भारांचा विचार करावा. घागरभर ओल्या मातीचे वजन वीस-पंचवीस किलो भरते; अशा कुंड्या सज्जाच्या कठड्यावर न ठेवता भिंतीच्या बाजूस ठेवाव्यात. दोन कुंड्या अबोलीच्या व एक तुळशीची, एवढे कोणत्याही सज्जात मावते.

राहिले निर्माल्य. ज्या पिशव्या देवळामागे येतात त्यांतील फुले श्वास कोंडून सडतात व त्यांस दुर्गंधी येते; त्याच फुलांचे घरी उत्तम खत होते. दोरा, जरीची पट्टी, अगरबत्तीच्या काड्या, तेलाच्या वाती व बाजारी रंगाचे कुंकू प्रथम वेगळे करावे. बुड गेलेली वेताची टोपली किंवा भोके असलेला पिंप घ्यावा. एक ओंजळ फुलांवर दोन ओंजळी वाळका पाचोळा, वर थोडे शेणपाणी, असे थर देत जावे व आठवड्यातून एकदा खाली-वर करावे. पावसात वर कौल ठेवावे. दोन-तीन महिन्यांत ते काळे, भुसभुशीत होते व त्यास पहिल्या पावसातील मातीसारखा वास येतो. देवास वाहिलेल्या फुलांचे ते खत असल्याने, ते फुलझाडांनाच घालावे व पायदळी येईल तेथे टाकू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे.

पाराच्या उत्तरेस या वर्षी आम्ही अबोली व तगरीचा एक लहानसा वाफा केला आहे. त्याचा काठ अग्रशाळेच्या उतरविलेल्या कौलांचा आहे. आषाढी एकादशीनंतरच्या रविवारी सकाळी आठ ते दहापर्यंत मागील सोप्यात त्यातील रोपे व छाटे सभासदांस देण्यात येतील. भांडे प्रत्येकाने घरून आणावे; फुटके असल्यास उत्तम. भोक पाडावयाचे राहिले असेल तर खिळा व हातोडी आमच्याकडे आहे, मात्र मडके रात्रभर भिजवून आणावे. तसेच यादीतील घागर, उखळ व खिडकीचे दार अद्याप सोप्यात झाकून ठेवले आहे. ज्यांचे असेल त्यांनी त्याच दिवशी ते घेऊन जावे.